बाईंचा परवाना

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. मी नुकतीच बी.ए. झाले होते. घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि तोवर रिकामं कशाला बसायचं म्हणून कॉलेजातल्या आमच्या मराठीच्या मॅडमनी मला एक काम दिलं. रेल्वे लाइन्सच्या पलीकडे एका जुन्या बंगल्यात काही परदेशी माणसं राहत होती. त्यांना मराठी शिकवायचं होतं.

अप्पांना ते पटलं नव्हतं. सोलापुरात मंगळवार पेठेत आमचं कापडाचं दुकान. घरात आम्ही कन्नड बोलायचो, दुकानात मराठी, आणि गोऱ्या माणसांशी आमचा कधी संबंध आला नव्हता. पण अव्वा, माझी आई, म्हणाली, "जाऊ दे की. दुपारचे दोन तास तर जायचंय." मग अप्पांनी अडवलं नाही आणि मी जायला लागले.

बंगल्यात सहा जण होते. बोअर पाडायचं यंत्र घेऊन आलेले एक इंजिनिअर आणि त्यांची बायको, एक डॉक्टर जोडपं, शाळेत शिकवून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ आणि बाई. बाई नर्स होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी डेन्मार्कमधून आल्या होत्या आणि मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत दवाखाना चालवत होत्या. त्यांना माझी गरज नव्हती. त्यांचं मराठी खेड्यापाड्यांतल्या रोग्यांकडून आलेलं होतं, थेट करकंब-मैंदर्गीकडचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पोरी, जेवून आलीस न्हवं? का उपाशीच हायस?" उंच, लाल चेहऱ्याच्या, निळ्या डोळ्यांच्या बाईंच्या तोंडून ते ऐकून मला हसू आवरेना.

बाकीचे मात्र सतत कशाला तरी घाबरलेले असत. दर गुरुवारी दुपारी सगळे व्हरांड्यात जमायचे. डॉक्टरीणबाई पत्र्याच्या भट्टीत पाव भाजायच्या, कुणाचं तरी घरून आलेलं पत्र मोठ्यानं वाचलं जायचं, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून इंजिनिअरांची बायको आळीपाळीनं सगळ्यांचे केस कापायची. बोलणं मात्र फिरून फिरून तिथंच यायचं. पाणी नीट उकळलं का? टँकर उद्या येईल का? पत्र फोडून चिकटवल्यासारखं का दिसतंय? इंजिनिअरांची बायको, तिला मी मॅडम म्हणायची, मला शिकता शिकता मध्येच विचारायची, "आज भाजीवाली मला बघून हसली. का हसली असेल?" मी म्हणायची, "मॅडम, तुम्ही वांग्यांना वांगे साहेब म्हणालात म्हणून." तरी तिचं समाधान व्हायचं नाही.

सगळ्यात मोठी काळजी परवान्याची. इथं राहायचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं, त्यावर प्रत्येकाची तारीख लाल पेन्सिलीनं गोल केलेली. तारीख जवळ आली की त्या माणसाचं जेवण कमी व्हायचं. बाई तेवढ्या निवांत. त्या मागच्या पायरीवर स्वयंपाक्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात बसायच्या. स्वयंपाकी पन्नाशीचे, करकंबचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

मार्चमध्ये एका सकाळी मी दुकानात बसले होते. साध्या कपड्यातला एक माणूस आला, दोन धोतरं उलगडून बघितली आणि सहज विचारावं तसं म्हणाला, "ताई, तुमी त्या बंगल्यात शिकवायला जाता न्हाय का?"

"हो."

"त्या नर्सबाई लई फिरतात म्हणं खेड्यांत. कुटं कुटं जातात?"

मला बाईंचं कौतुक करायची हौस. मी सांगत सुटले. उन्हातान्हात जातात, दुष्काळी कामावर जाऊन सुया टोचतात, आणि जानेवारीत तर मैंदर्गीच्या पुढं, पार म्हैसूर राज्याच्या हद्दीत जाऊन एका बाळंतिणीपाशी आठ दिवस राहिल्या. माणूस मान हलवत होता. धोतर न घेताच गेला. अप्पांनी विचारलं, "कोण होता गं?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक. गिऱ्हाईक असेल."

एप्रिलच्या शेवटी बाईंना कागद आला. परवाना वाढवून मिळणार नव्हता. मे संपायच्या आत देश सोडायचा होता. कारण दिलेलं नव्हतं.

त्या गुरुवारी मी गेले तेव्हा व्हरांड्यात पाव तसाच पडला होता. डॉक्टर उभे होते, मॅडम रडत होती. मला बघताच ती इंग्रजीत म्हणाली, "तिच्यासमोर नको." मी दाराशीच थांबले. इतक्या महिन्यांत तिनं मला असं कधी वागवलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "ये गं आत. तुज्यापासून काय लपवायचं?" आणि कागद माझ्या हातात दिला.

कागद वाचला आणि मला तो दुकानातला माणूस आठवला. मी कागद टेबलावर ठेवला.

पुढचे चार दिवस मी नीट जेवले नाही. दुकानाबाहेर सायकल थांबली तरी मी उठून दाराशी जायची. माझ्यामुळंच झालं असेल का? आठ दिवस राहिल्या एवढंच तर सांगितलं, त्यात काय वाईट? मग मनात यायचं, वाईट नव्हतं तर मी कुणाला का सांगत नाही? शेवटी अप्पांना सांगितलं. त्यांनी गल्ला बंद केला, इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "कुणापाशी बोलू नकोस. आपल्याला दुकान चालवायचंय. पोलिसाच्या भानगडीत बाईमाणसानं पडू नये." अव्वा आत भांडी घासत होती. त्या दिवशी तिनं मला दोनदा विचारलं, "पोट दुखतंय का गं?"

मंगळवारी बंगल्यावर गेले तर काका आपलं गाठोडं बांधत होते. मी विचारलं तसं म्हणाले, "मॅडम म्हनत्यात, घरातली गोष्ट भाईर कुनी सांगितली, तर आतल्याच मानसानं. आता आतलं मानूस म्हंजे मीच की. ऱ्हाऊन काय करू?" त्यांचे डोळे भरले होते. बारा वर्षं ते तिथं रांधत होते.

मी तशीच दवाखान्यात गेले. बाई स्टोव्हवर सुया उकळत होत्या. मी दार लावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो माणूस, धोतरं, जानेवारीतले आठ दिवस. सांगताना मला रडू येत होतं आणि बाई चिमट्यानं एकेक सुई काढून कापडावर ठेवत होत्या.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "गेले तर व्हतेच की मी. खोटं कुटं सांगितलंस?"

"पण मी सांगायला नको होतं."

"व्हय, नको व्हतं," त्या म्हणाल्या. तेवढंच. माझी समजूत घालायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत आणि मला ते बरं वाटलं. मग त्यांनी स्टोव्ह बंद केला, बाहेर जाऊन काकांचं गाठोडं स्वतःच्या हातानं सोडलं आणि व्हरांड्यात सगळ्यांना बोलावून काय घडलं ते सांगितलं. मॅडमनं माझ्याकडं बघितलं नाही. त्या दिवसापासून तिची शिकवणी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंबरोबर पोलिसांच्या कचेरीत गेले. परदेशी लोकांच्या नोंदणीच्या टेबलाशी एक वयस्क जमादार बसत. बाईंना ते ओळखत होते. त्यांनी फाईल काढली, चष्मा पुसला आणि एक ओळ वाचून दाखवली. जिल्ह्याबाहेर जायचं तर आधी कळवायचं, अशी परवान्यात अट होती. बाई न कळवता दुसऱ्या राज्यात आठ दिवस राहिल्या होत्या. कशासाठी, ते माहीत नाही असा शेरा होता.

"कशासाठी ते मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "बाळंतिणीसाठी."

जमादारांनी चष्म्यावरून बघितलं. "ताई, तुमी तोंडी सांगितलं. हितं लिवलेलं न्हाय. लेखी आना. त्या गावच्या पोलीस पाटलाची सही आना. मी मुंबईला सचिवालयात धाडतो. बाकी माज्या हातात काय न्हाय."

मी घरी अप्पांना विचारलं नाही, सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शनिवारी पहाटेच्या एसटीनं मी मैंदर्गीला गेले. अव्वानं भाकरी बांधून दिली होती. मैंदर्गीपासून पुढं चालत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं उघडी पडली होती, विहिरींत माणसं उतरून गाळ काढत होती. एकटी मुलगी बघून बायका थांबून विचारायच्या, "यारु बेकव्वा?" कोण पाहिजे म्हणून. मी कन्नडमध्ये उत्तर दिलं की त्यांचे चेहरे मोकळे व्हायचे.

ती बाळंतीण पूर्वी बाईंच्या दवाखान्यात काम करायची, लग्न होऊन त्या गावात गेली होती. बाळ चार महिन्यांचं झालं होतं. ती लगेच तयार झाली, पण तिच्या नवऱ्यानं हात आखडला. "पोलिसाच्या कागदावर सही केली तर उद्या आमच्या दारात येतील," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकत होतं? माझे अप्पाही हेच म्हणत होते. मी पुन्हा पुन्हा सांगत होते आणि तो जमिनीकडं बघत होता.

शेवटी त्याची आई आतून आली. तिनं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाळ आडवं आलं होतं. डॉक्टर यायला तयार नव्हता. ती बाई या जमिनीवर निजली आठ दिवस. सही कर, नाहीतर मी अंगठा देते." त्यानं सही केली. तिनं अंगठाही दिला.

पोलीस पाटील दुष्काळी कामावर गेला होता. चारला परत येणार म्हणाले, साडेपाचला आला. मैंदर्गीहून शेवटची गाडी सातची. तो कागद तीनदा वाचत होता आणि माझे डोळे उतरत्या उन्हाकडं. शिक्का उमटला तशी मी निघाले ते जवळजवळ पळतच. गाडी मिळाली. घरी पोचले तेव्हा अप्पा कोपऱ्यावर उभे होते. मला बघताच वळून माझ्यापुढं चालू लागले.

कागद मुंबईला गेला आणि मग नुसती वाट बघणं. मे महिना सरत होता. गुरुवारी व्हरांड्यात सगळे जमायचे, पण कुणी पत्रं वाचत नव्हतं. एकदा मी आत येताना ऐकलं, निवृत्त शिक्षक म्हणत होते की बाईंनी मुकाट्यानं निघून जावं. असे अर्ज केले की सगळ्यांच्याच फायली उघडल्या जातात. बाईंनीही ते ऐकलं. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळानं मी गेले तर त्या रिकामी ट्रंक उघडून तिच्यापुढं बसल्या होत्या.

"तितं माजं कोन हाय सांग," त्या म्हणाल्या. "एक भन हाय. तिची पोरं मला वळखत बी न्हाईत. ह्या वयात कुटं जाऊ?"

त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. ट्रंकेत घालायला मी त्यांचं एक लुगडं घडी करून दिलं, आणि त्यांनी ते घेतलं.

मुदत संपायला तीन दिवस राहिले असताना जमादारांनी निरोप धाडला. आम्ही रिक्षानं गेलो. टेबलावर कागद होता. सहा महिन्यांची वाढ मिळाली होती, आणि पुन्हा न कळवता जिल्ह्याबाहेर जाऊ नये अशी ताकीद. बाईंनी सही केली आणि विचारलं, "तोवर कुनी बाळंतीन अडली तर?"

"तर आदी हितं या," जमादार म्हणाले. "मी हाय."

सहा महिन्यांनी आणखी सहा महिने मिळाले, मग वर्ष. दर वेळी मी त्यांच्याबरोबर जात होते आणि दर वेळी आदल्या दिवसापासून मला अन्न जात नव्हतं. लग्न होऊन मी सोलापुरातच राहिले, तेव्हा हे नवऱ्यालाही सवयीचं झालं. इंजिनिअर आणि मॅडम पाऊस पडल्यावर लवकरच गेले. जाताना मॅडमनं काकांना हात जोडून माफी मागितली, चुकत माकत मराठीत. माझ्याशी ती बोलली नाही. मी तिला दोष देत नाही.

चार वर्षांनी बहीण अंथरुणाला खिळली म्हणून बाई स्वतःहून गेल्या. या वेळी परवाना होता, त्याची मुदतही शिल्लक होती. पहिलं पत्र आलं ते देवनागरीत, मोठमोठ्या अक्षरांत. बहिणीचं दुखणं, थंडी, खिडकीतून दिसणारा समुद्र. खाली लिहिलं होतं, "दुकानात गेले तर पोरगी म्हनाली, तुमी भाईरच्या का. हितली भाषा बोलताना माजे शब्द अडकतात. लवकर पत्र लिव, लांब लिव."

मी त्याच दुपारी लिहायला बसले. काकांची तब्येत, दवाखान्यातली नवी नर्स, माझ्या मुलीला आलेले दात, सगळं लिहिलं. चार पानं झाली तरी मला वाटत होतं, एवढ्यानं त्यांचं काय होणार.