पालथा तांब्या

मुलानं मस्कतहून फोन केला आणि सांगितलं, की थायलंडला जाऊन तो एका थाई मुलीशी लग्न करून आला आहे. विचारलं नाही, सांगितलं. माझी मोठी जाऊ तेव्हा शेजारीच बसली होती. फोन ठेवला आणि तिच्यासमोर मी जाहीर केलं, की त्या मुलीच्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी नुकतीच मुलींच्या शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईनं फळ्यावर लिहिलेलं उत्तर सहसा पुसायचं नसतं, असा माझा समज होता.

दोन वर्षांनी त्यानं तिकीट पाठवलं. पोटचा मुलगा, किती दिवस तोंड फिरवून बसणार? गेले. पण शब्द शब्दाच्या ठिकाणी होता. बॅगेत माझा तांब्याचा तांब्या, फुलपात्रं, एक छोटा कुकर आणि तीन महिने पुरेल एवढं मेतकूट घेतलं. विमानतळावर सून घ्यायला आली होती. वाकून नमस्कार केला तिनं, अगदी नीट, दोन्ही हातांनी. मी "असू दे" म्हटलं आणि बॅग स्वतःच उचलली.

मुलगा रुसैलला एका कारखान्यात इंजिनिअर होता, सून एका हॉटेलात रिसेप्शनवर. अझैब्याला त्यांचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता. पहिल्या दिवशी तिनं ट्रेमधून पाणी आणलं. मी म्हटलं, तहान नाही. दुसऱ्या दिवशीही तहान नव्हती. घसा कोरडा पडलेला, आणि मला म्हणे तहान नाही. तिसऱ्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. पण सकाळी स्वयंपाकघरात जावं, तर माझा तांब्या लिंबू-मीठ लावून लख्ख घासलेला आणि ओट्यावर पालथा. रिकामा. म्हणजे मी येऊन माझ्या हातानं भरून घ्यावा.

रोज हे असंच. तिनं घासलेला तांब्या मला चालत होता, तिनं भरलेला चालला नसता. पाण्याचा मोठा कॅन दुकानातून यायचा, तो बहुधा तिच्याच पगारातला असायचा, पण तेवढ्या खोलात मी शिरत नव्हते. तिच्या फ्रीजमध्ये मासळीच्या रसाची बाटली होती, तिच्या वासाचं निमित्त मला पुरेसं होतं. खरं सांगायचं तर सोवळंओवळं मी पुण्यातही फारसं पाळलं नव्हतं. मुलानं मला न विचारता आपला संसार मांडला याचा राग होता, आणि तो मुलावर काढायची हिंमत नव्हती. म्हणून तो सुनेवर निघत होता.

गुढीपाडवा होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मुलानं विषय काढला, की सुनेच्या नववर्षाचा सण आला आहे, शुक्रवारी तिच्या मैत्रिणी घरी येतील. आपली संक्रांतच ती, नावसुद्धा त्यावरूनच, फक्त एप्रिलमध्ये येते, असं त्यानं मला पटवायचा प्रयत्न केला. त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालतात, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात आणि आशीर्वाद घेतात. अडचण एवढीच होती, की वडीलधारं कोणी नव्हतं. ओमानात काम संपलं की माणसानं आपल्या देशी परत जायचं, त्यामुळे आम्हा परदेशी लोकांच्या वस्तीत म्हातारं माणूस औषधालाही सापडत नसे. त्या साताठ मुली दरवर्षी गावाकडच्या आईवडलांचे फोटो मांडून त्यांच्यापुढे पाणी घालायच्या. या वर्षी प्रथमच एक खरीखुरी म्हातारी हाताशी होती, ती म्हणजे मी.

मी नाही म्हटलं. संक्रांतीला तिळगूळ देतात, हातावर पाणी घालत नाहीत, असंही ऐकवलं. मुलगा अजिजी करत राहिला. सुनेनं अजिजी केली नाही. तिनं फक्त विचारलं, नक्की नाही का, आणि मी नक्की म्हटल्यावर मान हलवून ती कामाला लागली. ते मला जरा लागलंच. आग्रह झाला असता तर नाही म्हणायला मजा आली असती.

शुक्रवारी सकाळी दारात चपलांचा ढीग जमला. मी खोलीत दार लावून पेपर वाचत बसले होते. हसण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते, मोगऱ्याचा वास दाराखालून आत येत होता. दहाच्या सुमाराला मला चहा हवासा वाटला. माझ्या हातचा चहा करायचा, तर हॉलमधून जाणं भाग होतं.

हॉलमध्ये भिंतीशी खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर कुणाच्या ना कुणाच्या आईचा, वडलांचा फोटो, आणि फोटोला रुवीच्या बाजारातून आणलेले मोगऱ्याचे गजरे. पहिल्या खुर्चीवर सुनेची आई होती, ती तीन वर्षांपूर्वी वारली होती, एवढं मला माहीत होतं. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी. निवृत्तीच्या समारंभातला माझा फोटो, मुलाच्या अल्बममधला, चांगला फ्रेम करून, वर घसघशीत गजरा घालून.

आपल्याकडे फोटोला हार कधी घालतात हे त्या मुलींना कोण सांगणार? त्यांचे कितीतरी आईवडील गावाकडे धडधाकट होते आणि तरी त्यांच्या फोटोंना गजरे होते. पण मला तेव्हा एवढंच दिसलं, की एक मेलेली बाई आणि तिच्या शेजारी मी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आई, तुम्ही नो म्हणालात," सून शांतपणे म्हणाली. "म्हणून फोटो."

मुलगा सोफ्यामागे तोंड लपवून हसत होता, त्याच्याकडे मी नंतर बघणार होते. मी गजरा काढला, फोटो उचलून त्याच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. "मी अजून जिवंत आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्यांना मराठी कळलं नाही, पण सगळ्या खुशीत आल्या.

सून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. माझ्या हातांखाली तिनं परात धरली, दुसऱ्या हातात लहानसं चांदीचं भांडं होतं, त्यात पाणी आणि पाकळ्या. मुलाकडून पाठ करून घेतलेलं वाक्य ती एकेक शब्द जपून बोलली. "आई, वर्षभरात माझं काही चुकलं असेल, तर मला क्षमा करा."

तिचं काय चुकलं होतं, ते मी आठवू लागले. काहीच आठवेना. तेवढ्यात गार पाण्याची धार माझ्या तळहातावर पडली. समोर कोणीतरी वाकलेलं, ओंजळीत फुलांच्या वासाचं पाणी. साठ वर्षांत या गोष्टीचा अर्थ माझ्या हाताला एकच माहीत होता. हात तोंडाशी गेला, मी ते पाणी प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

मोगऱ्याची चव होती, मागून अत्तराची कडसर. पाणी पोटात गेल्यावर मला कळलं, की मी काय केलं. मुलाचं हसणं थांबलं होतं. सुनेच्या हातातलं भांडं तसंच वाकडं राहिलं होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या सणात ते पाणी कोणी पीत नाही. आणि तिच्या हातचं पाणी मी पीत नाही, हे तिला माझ्या जावेइतकंच पक्कं ठाऊक होतं.

मला लाज वाटली, अगदी खरीखुरी. मग मात्र मी ठरवलं, की चूक झालीच आहे तर ती नीट दुरुस्त करायची. बाकीच्या मुलींचे हात होईपर्यंत मी बसून राहिले, सगळ्यांना आशीर्वाद दिले. मग उठून सुनेला विचारलं, तुझी आई असती तर किती वर्षांची असती? चौसष्ट, ती म्हणाली. म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिच्या हातातलं भांडं मागून घेतलं. गुडघे कुरकुरले, पण बसले त्या फोटोसमोर, आणि परातीत पाणी सोडत मोठ्यानं म्हटलं, "बाई, दोन महिने तुमच्या मुलीच्या हातचं पाणी मी नाकारलं. माझं चुकलं. मला क्षमा करा."

सून मागे उभी होती. किती मराठी तिला समजलं कोण जाणे. मुलगा तिला समजावून सांगायला पुढे झाला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं होतं, आज तांब्या भरलेला असेल. तो रोजच्यासारखाच, लख्ख घासलेला आणि पालथा. काल चुकून प्यायलेल्या घोटावर हक्क सांगणाऱ्यांतली ती नव्हती. माझ्याहून हट्टी होती.

मी तांब्या उचलला, हॉलमध्ये गेले. ती कामावर जायला केस विंचरत होती. मी तो तिच्यासमोर धरला.

"भरून दे," मी म्हटलं.