घरचं काढायचं नाही

अंबडमधल्या पंपाच्या कारखान्यात धम्मपाल गांगुर्डे यांना सगळे साहेब म्हणतात. एम.टेक.च्या मुलांना कामाची वाट दाखवायला कारखान्यातला एकेक जाणता माणूस मेंटर म्हणून द्यायचा, अशी योजना कॉलेजनं काढली. साहेबांच्या वाट्याला घोटीची चैताली आली. साहेबांनी तिचा प्रोजेक्ट तपासला, बायोडेटा सुधारला, इंग्रजी घासूनपुसून घेतलं. आणि शेवटी आपला हुकमी सल्ला दिला, "मुलाखतीत घरचं काही काढायचं नाही. लोक वरवर ऐकतात नि मनात किंमत करतात."

सल्ला अनुभवाचा होता. साहेबांचे वडील याच एमआयडीसीत हमाली करत. पंचवीस वर्षांपूर्वी मुलाखतीत विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले होते, वडील सर्व्हिसला आहेत. नावावरून लोकांना जे कळायचं ते कळलंच, पण हमाली तेवढी झाकली गेली. वडील वारले तेव्हाही कारखान्यात कुणाला न सांगता त्यांनी नुसता रजेचा अर्ज टाकला. एवढ्या शहाण्या माणसाला आपण पोरीला काय शिकवतोय हे कळू नये, म्हणजे कमालच.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्याच कारखान्यात चैतालीची मुलाखत झाली. ती घेणाऱ्या दीपमाला मॅडम जेवताना साहेबांना म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे हो तुमची, पण पुस्तकी. हातानं कधी मशीन खोललंय का विचारलं, तर सरळ नाही म्हणाली. मला देखभालीला माणूस हवाय. नाही घेता येणार."

चैतालीचे वडील झुंबर घोटीला एका भातगिरणीवर कामाला आहेत. दहावीपासून पोरगी त्यांच्या हाताखाली पट्टे चढवायची, बेअरिंग बदलायची, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायची. पहिल्याच भेटीत तिनं हे कौतुकानं सांगितलं होतं आणि साहेबांनीच तिला गप्प केलं होतं. आता एक वाक्य पुरे होतं. पण मॅडमनी विचारलं असतं, लपवायला का सांगितलंत? साहेब खाली मान घालून जेवत राहिले. आपलीच आपल्याला किळस आली त्यांना.

चैताली गेटबाहेर थांबली होती. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीमागे झुंबर मोटारसायकल घेऊन उभे होते.

"आबांना तिकडंच थांबवलंय, सर. कुणी बघायला नको म्हणून," ती म्हणाली.

साहेबांना तिच्याकडे बघवेना. "चैताली, तू परत वर जा. मॅडमना गिरणीचं सांग."

"आता सांगितलं तर मी मघाशी खोटं बोलले असं होईल ना. तुम्ही नको म्हणाला होतात, हे तुम्ही सांगाल का? निवडीची यादी आज पाचला लागणारे."

साहेबांनी कारखान्याच्या इमारतीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते.

"आज मॅडम गडबडीत आहेत," ते म्हणाले. "सोमवारी बोलतो मी."

"बरं, सर."

रस्ता ओलांडून ती वडिलांजवळ गेली आणि त्यांना काहीतरी सांगू लागली. ऐकून झाल्यावर झुंबरनी डोक्यावरची टोपी काढली आणि पलीकडूनच, वाकून, साहेबांना हात जोडले.