तारीख मिळवणारी वकीलबाई

नाजनीनला वकिलीची सनद मिळाली तेव्हा शुक्रवार पेठेतल्या गाद्या भरायच्या दुकानात तिचे वडील हाशमभाई यांनी येईल त्या गिऱ्हाइकाला चहा पाजला. मुलगी आता कोर्टात भांडणार, समोरच्याची बोलती बंद करणार, असं त्यांनी कापूस पिंजता पिंजता सगळ्यांना सांगून टाकलं. पोरगी मात्र बरेच दिवस दुसऱ्यांच्या फायली उचलण्यापलीकडे काही करणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वकिलीची परीक्षा पास होणं वेगळं आणि वकील होणं वेगळं. मधला रस्ता कुठल्यातरी सीनियरच्या ऑफिसातून जातो, आणि तो किती लांब असावा हे सीनियर ठरवतो.

नाजनीनचे सीनियर बसवराज वकील. सात रस्त्याजवळ एका औषधाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. माणूस वाईट नव्हता. कायद्याचं डोकं पक्कं, जिभेवर साखर, आणि आलेल्या पक्षकाराला नाही म्हणायचं माहीत नाही. त्यामुळे एका वेळी तीन कोर्टांत त्यांची केस पुकारली जाई आणि ते चौथ्याच कोर्टात उभे असत. मग उरलेल्या ठिकाणी ज्युनियरनं उभं राहायचं आणि तारीख मागून घ्यायची. ज्युनियर ठेवतात ते कशासाठी, याचं त्यांच्यापुरतं उत्तर एवढंच होतं.

तारीख मागणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा नाजनीनची पाचावर धारण बसली होती. पण पोरगी हुशार. कुठल्या साहेबांना कारण थोडक्यात लागतं, कुणाला सविस्तर लागतं, कोण जेवणाच्या सुट्टीआधी नरम असतो, हे तिनं हेरून ठेवलं. सर दुसऱ्या कोर्टात आहेत, सर हायकोर्टात गेलेत, सरांचा घसा बसलाय. आवाज खालचा, मान किंचित झुकलेली, आणि वाक्य संपायच्या आत साहेबांचा पेन हलायला लागलेला. बाकीचे ज्युनियर बोलणी खायचे, दंड भरायचे. हिला तारीख मिळायचीच. बसवराज वकील चारचौघांत तिचं कौतुक करायचे, आणि तिलाही सुरुवातीला ते गोड लागलं. खोटं कशाला बोला.

घरी मात्र हाशमभाई रोज एकच विचारायचे. "बेटा, केस कब लड़ती तू?" नाजनीन लवकरच म्हणायची आणि ताटावर बसायची.

त्या ऑफिसातल्या जुन्या दाव्यांपैकी एक सोजरबाईचा होता. अक्कलकोटपलीकडच्या एका खेड्यातली ही बाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. वडिलांच्या जमिनीत वाटणी मागायला तिनं थोरल्या भावावर, धोंडीरामवर, दावा लावला होता. धोंडीरामचं म्हणणं, बहिणीनं आपला हिस्सा राजीखुशीनं सोडून दिलाय, हक्कसोड पत्रावर तिचा अंगठा आहे. बहिणीचं म्हणणं, वारस म्हणून नाव लावायचंय असं सांगून भावानं अंगठा घेतला. आता धोंडीरामचा उलटतपास तेवढा राहिला होता. म्हणजे त्याला पिंजऱ्यात उभं करून सोजरबाईच्या वकिलानं प्रश्न विचारायचे. आणि तोच कितीतरी दिवस होत नव्हता, कारण बसवराज वकिलांना सवड नव्हती.

सोजरबाई दर तारखेला एसटीनं यायची, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसायची. पुकारा झाला, नाजनीन उभी राहिली, दोन वाक्यं झाली, की बाहेर येऊन विचारायची, "मिळाली न्हवं?" नाजनीन मिळाली म्हणाली की ती समाधानानं म्हणायची, "आतु बिडु." कानडीत त्याचा अर्थ, झालं तर मग. आणि पिशवी उचलून गाडी धरायची.

एकदा व्हरांड्यात ती शेजारच्या बाईला सांगत होती, ते नाजनीनच्या कानावर पडलं. आमची वकीलबाई लई हुशार हाय, म्हणत होती. दुसऱ्यांच्या वकिलांस्नी सायेब बोलत्यात, तारीख देत न्हाईत, पर आमच्या बाईनं एकदाबी हार खाल्ली न्हाय. नाजनीन खांबाआड थांबली. सोजरबाई खुळी नव्हती. तिनं डोळ्यांनी जे पाहिलं त्यावरून तिनं ठरवलं होतं की कोर्टात येऊन मिळवायचं असतं ते हेच. आणि तिला दुसरं काही सांगायच्या भानगडीत ऑफिसातलं कुणी पडलं नव्हतं. नाजनीनला स्वतःची लाज वाटली.

त्या संध्याकाळी तिनं बसवराज वकिलांना विचारलं, धोंडीरामचा उलटतपास मी घेऊ का? सरांनी चष्म्यावरून पाहिलं. उन्हाळ्यात न्यायाधीशांची बदली होणार असं बाररूममध्ये सगळेच बोलत होते. नवे साहेब आले की दावा पुन्हा पहिल्यापासून समजून घेणार, म्हणजे सोजरबाईच्या हयातीत निकाल लागेल याची खात्री नाही. हे सरांनाही कळत होतं.

"बघ जमतंय का," ते म्हणाले. "नाहीच वाटलं तर तारीख घे."

नाजनीननं मग प्रश्न लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून त्या कपाटाचाच उलटतपास घेतला. आई नूरबीला वाटलं पोरगी चळली. तारखेच्या दिवशी हाशमभाईंनी दुकान बंद ठेवतो, कोर्टात येतो म्हटलं, तेव्हा तिनं हातापाया पडून त्यांना थांबवलं.

पुकारा झाला. धोंडीराम पांढरं धोतर सावरत पुढं आला. त्याचे वकील आरामात मागं रेलले. नाजनीन उठली, फाईल उघडली, न्यायाधीशांनी वर पाहिलं, आणि तिची मान आपोआप किंचित झुकली.

"सर दुसऱ्या कोर्टात आहेत, साहेब. तारीख मिळावी."

वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच तिला ते ऐकू आलं. धोंडीरामच्या वकिलांनी बसल्या बसल्याच हरकत नाही म्हणून टाकलं. हरकत असायचं कारणच नव्हतं, जमीन त्यांच्या अशिलाच्या ताब्यात होती. साहेबांनी पेन उचलला. धोंडीराम वळून दाराकडे निघाला.

मागच्या बाकावर डब्याचं झाकण वाजलं. नाजनीननं मागं वळून पाहिलं. सोजरबाई उठली होती. पिशवी काखेत मारून, पदर नीट करून, कुठल्याही तक्रारीविना ती आपली चालू लागली होती, आणि नाजनीनकडे पाहून तिनं कौतुकानं मान डोलावली. ती मान डोलावणं नाजनीनच्या काळजात गेलं.

"साहेब, तारीख नको," ती म्हणाली. आवाज खालचा राहिला नव्हता. "मी उलटतपास घेणार आहे."

साहेबांनी पेन हवेतच धरला. मग मागितली कशाला, त्यांनी विचारलं. कारणांची तिच्याकडे कधी वाण नसायची, पण या वेळी एकही सापडेना.

"सवयीनं, साहेब."

कोर्टात हशा पिकला. धोंडीरामचे वकील खो खो हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी शिपायाला साक्षीदार परत बोलवायला सांगितलं. निघालेली सोजरबाई दारापाशीच थांबली.

नाजनीननं प्रश्नांचा कागद टेबलावर ठेवला आणि मग ती त्याच्याकडे बघायचं विसरूनच गेली. सुरुवातीचे दोन प्रश्न फुकट गेले. एकाला साहेबांनीच अडवलं. मग तिनं विचारलं, अंगठा घेण्याआधी हक्कसोड पत्र बहिणीला कुणी वाचून दाखवलं?

धोंडीरामला हा प्रश्नच अपमानाचा वाटला. "वाचायचं काय त्यात? माजी भैन हाय ती. मी सांगिटलं, तिनं केला अंगठा."

त्याच्या वकिलांचं हसणं थांबलं. साहेबांनी टायपिस्टला ते उत्तर शब्दन् शब्द सांगितलं. कागद वाचून दाखवलाच नव्हता, हे धोंडीराम शपथेवर बोलून बसला होता. नाजनीननं आणखी थोडं विचारलं आणि खाली बसली. आपण वकील आहोत असं तिला त्या दिवशी प्रथम वाटलं, आणि तिला आनंद झाला, फार झाला.

बाहेर व्हरांड्यात सोजरबाई वाट पाहत उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. भाऊ काय बोलला त्यात तिला नवल नव्हतं, कागद कुणी वाचला नव्हता हे ती पहिल्यापासून सांगतच होती. तिनं पाहिलं होतं ते वेगळंच. वकीलबाईनं तारीख मागितली आणि सगळे तिला हसले.

"मनाला लावून घिऊ नगा," ती नाजनीनच्या हातावर हात ठेवून म्हणाली. "एकांद्या टायमाला न्हाय मिळत."

नाजनीननं तिला बाकावर बसवलं आणि पहिल्यापासून समजावून सांगितलं. आज भाऊ जे बोलला ते लिहिलं गेलं. आता वकिलांचं बोलणं होईल आणि मग निकाल. तारीख म्हणजे काम पुढं ढकलणं, ती मिळाली की आपलं काही होत नाही. सगळं ऐकून झाल्यावर सोजरबाईनं विचारलं, "मग आत्तापातूर काय चाललं हुतं?"

सर दुसऱ्या कोर्टात होते. सर हायकोर्टात गेले होते. सरांचा घसा बसला होता.

"आम्हाला सवड नव्हती, मावशी," नाजनीन म्हणाली.

सोजरबाईनं डबा पिशवीत नीट बसवला, अक्कलकोटच्या गाडीची वेळ झाली म्हणाली आणि उठली. आतु बिडु मात्र त्या दिवशी ती म्हणाली नाही.