अकराव्या पानावरचा परिच्छेद

पेटंट कार्यालयात त्यांना तोंडावर बाई आणि पाठीमागे भिंग म्हणत. टोपणनावात कुत्सितपणा नव्हता. दोनशे पानांच्या अर्जात शेवटच्या आकृतीतला एखादा बाण उलटा पडला असेल, तर तो बाईंनाच दिसायचा. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी धाकटा, बारा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

आमचं काम तसं सोपं आहे. कुणी काही नवीन शोधलं की तो आमच्याकडे अर्ज करतो. अर्जात वर्णन असतं, आकृत्या असतात आणि शेवटी दावे असतात. दावा म्हणजे कुंपण: एवढं माझं, यात दुसऱ्यानं पाय टाकायचा नाही. ते खरंच नवं आहे का, हे परीक्षकानं जुने कागद उपसून बघायचं. वर्णन कितीही चांगलं असो, निकाल लागतो तो दाव्यावर. आणि दावा कसा लिहावा हे अर्जदाराला शिकवायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघी दोन खोल्यांत राहायच्या. ताई गणित शिकवून निवृत्त झालेल्या, जिभेनं तिखट. वडील वायरमन होते, त्यामुळे विजेचं बाळकडू दोघींना मिळालेलं. दिव्यांच्या फायली बाईंकडे यायच्या त्या यामुळेच. इतरांना आकृती समजून घ्यायला दिवस लागायचा. बाई तारेवरून बोट फिरवत जायच्या आणि म्हणायच्या, "इथे जळेल."

एका मार्चमध्ये एक पातळ फाइल आली. अर्जदार एकटा, वकील नाही. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलेलं, 'नाट्यगृहात दिवे'. शोधाचं नाव, 'अनेक दिवे एकत्र मंद करण्याची पेटी'.

"आणखी एक डिमर," मी म्हणालो. असे अर्ज पैशाला पासरी यायचे.

बाई वाचत राहिल्या. अकराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "हे बघ," त्या म्हणाल्या.

माणसानं खरोखर काहीतरी केलं होतं. रंगमंचावर जुने तारेचे दिवे असतात, नवे एलईडी असतात. सगळ्यांची दांडी एकदम खाली ओढली तरी ते सारखे मंद होत नाहीत. एक मध्येच विझतो, दुसरा शेवटपर्यंत चिकटून राहतो. याच्या पेटीला एक छोटा डोळा होता, प्रकाश मोजणारा. तो एकेका दिव्यासमोर एकदाच धरायचा. कुठला दिवा किती विजेला किती उजेड देतो, हे पेटी लक्षात ठेवायची आणि मग चोवीसच्या चोवीस दिवे एका श्वासात मावळवायची. बाईंनी चार दिवस जुने कागद शोधले. असं कुणी केलेलं सापडलं नाही.

पण दाव्यांत यातलं काहीच नव्हतं. पहिला दावा होता, 'अनेक दिवे चालकाच्या इच्छेप्रमाणे कमीजास्त करणारी पेटी'. असली पेटी साठ वर्षांपूर्वीची. म्हणजे घरात खजिना आणि कुंपण शेजारच्या माळरानाला.

बाईंनी अहवालात सगळे दावे नाकारले. नाकारावेच लागत होते. खाली मात्र एक ओळ जास्तीची घातली: 'अर्जदाराचे लक्ष पान ११, परिच्छेद ३ कडे वेधण्यात येत आहे.'

मी म्हटलं, "बाई, हे शिकवणं होत नाही का?"

"लक्ष वेधणं म्हणजे शिकवणं नाही. शहाण्याला शब्दाचा मार."

पाच महिन्यांनी उत्तर आलं. अक्षर सुरेख, ओळी सरळ. 'पान ११, परिच्छेद ३ मधील चूक मान्य आहे. सदर मजकूर पूर्णपणे काढून टाकला आहे. झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी.' पहिला दावा जसाच्या तसा.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दिवशी त्यांनी दुसरी फाइल उघडली नाही.

ताईंना घरी गेल्यावर सांगितलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "तू पत्र लिहिलंस की कोडं घातलंस? सरकारी कागदावर पान नंबर आला की माणसाला वाटतं, मेलो! माझ्या वर्गातली मुलंसुद्धा लाल खूण दिसली की बरोबर उत्तर खोडायची."

सुनावणी ठेवावी लागली. निकाल देणार होते आमचे मोठे साहेब, बाई फक्त बाजूला बसणार होत्या. दिवेवाले साठीचे, बारीक, कडक इस्त्रीचा शर्ट. मांडीवर चादरीत गुंडाळलेली पेटी. ती लावून दाखवायची त्यांची इच्छा होती.

"ते नको," साहेब म्हणाले. "इथे निकाल कागदावर होतो. तुमचा पहिला दावा जुना आहे. त्यावर काय म्हणणं आहे?"

"साहेब, पेटी चालते. दोन वर्षं चालवली घरी."

"चालते हो. नवी आहे का?"

दिवेवाल्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाई हळूच म्हणाल्या, "अकराव्या पानावर तुम्ही जे..."

"काढलं, बाई!" ते घाईनं म्हणाले. "अगदी पूर्ण काढलं. परत अशी चूक होणार नाही."

साहेबांनी बाईंकडे असं पाहिलं, की त्या गप्प बसल्या. नंतर त्या मला म्हणाल्या की तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, फार तर मेमो मिळाला असता. पण उघडलं नाही. सव्वीस वर्षांची सवय.

सुनावणी संपल्यावर मात्र त्या जिन्यापर्यंत दिवेवाल्यांच्या मागे गेल्या. मी पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो, मला ऐकू येत होतं.

"काढलेला परिच्छेद परत घाला," बाई म्हणाल्या. "तीच तुमची वस्तू आहे. पंधरा दिवस आहेत. वकील करा, नाहीतर स्वतः लिहा. पण तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा."

"नेमकं काय केलं ते," दिवेवाल्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला बरं वाटलं. मला वाटलं, सुटलो.

बाराव्या दिवशी जाड पाकीट आलं. हातानं लिहिलेली बावीस पानं. त्यांनी खरंच नेमकं काय केलं ते लिहिलं होतं. पहिल्यांदा शिडीवर चढल्यापासून. एका नाटकात आई मरते, आणि प्रेक्षकांना कळू न देता उजेड जायला हवा होता. सगळे दिवे गेले, एकच राहिला, नेमका मेलेल्या बाईच्या अंगठ्यावर. लोक हसले. त्या रात्री नटी रंग न उतरवता घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून ते पेटीच्या मागे लागले. बायको आजारी असताना पेटीपाशी बसायचे, तेही लिहिलं होतं. डोळ्याची, मापनाची गोष्ट सातव्या पानावर एका वाक्यात होती. दावा एकही नव्हता.

बाई ती पानं घेऊन साहेबांकडे गेल्या.

"हे आत्मचरित्र आहे," साहेब म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते, बावीसच्या बावीस पानं त्यांनी वाचली. "यात दावा कुठाय?"

"सातव्या पानावर एक वाक्य आहे."

"वाक्यात असून काय उपयोग? तुम्हाला का मी सांगायचं हे?"

अर्ज नामंजूर झाला. अपील करता येतं असं आदेशात छापलेलं असतंच. अपील आलं नाही.

तीन वर्षं गेली. मग एका मोठ्या कंपनीचा अर्ज बाईंच्या टेबलावर आला. नऊ शोधकांची नावं, एकशे चाळीस पानं, चोवीसच काय, हजार दिव्यांची व्यवस्था. पहिलाच दावा: प्रत्येक दिव्याचा उजेड मोजायचा, लक्षात ठेवायचा आणि सगळे एका चालीनं मंद करायचे. कुंपण असं बांधलेलं की मुंगी शिरायची नाही.

बाईंनी काही शोधलं नाही. दिवेवाल्यांच्या अर्जाचा नंबर त्यांना पाठ होता. नामंजूर झाला तरी छापून प्रसिद्ध झालेला कागद होता तो; छापतात तो अर्ज पहिल्यांदा येतो तसाच, त्यामुळे अकरावं पान त्यात जसंच्या तसं होतं. त्याच्या आधारावर त्यांनी कंपनीचा दावा फेटाळला. तो अहवाल टाइप करताना बाई कळा जोरात दाबत होत्या.

कंपनीच्या वकिलांचं उत्तर तीन आठवड्यांत आलं. डोळा हातात न धरता दिव्यातच बसवलेला, एवढं त्यांनी दाव्यात वाढवलं. नियमानं ते पुरेसं होतं. बाईंनीच शिफारस लिहिली, कंपनीला पेटंट मिळालं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्या मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. एकटीनं जायला धीर होत नाही."

दार सुनेनं उघडलं. दिवेवाले खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. नाट्यगृहात नवी यंत्रणा आली होती, तिला माणूस लागत नव्हता. बाईंनी छापील पेटंट समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, पान नंबराच्या ओळीपासून.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे माझं नवं होतं?"

"नवं होतं."

"या लोकांच्या आधी?"

"आधी."

"मग मला का नाही दिलं?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही दाव्यात ते मागितलं नव्हतं."

"बावीस पानं मागतच होतो की हो मी," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि आम्ही निघालो तेव्हा छापील कागद बाईंच्या हातात परत दिले. "हे तुम्हीच न्या. इथे ठेवायला जागा नाही."

महिन्याभरात बाईंनी बदली मागून घेतली, बाटल्यांची झाकणं आणि खोक्यांच्या विभागात. दिव्यांच्या फायली माझ्याकडे आल्या. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी त्यांच्या विभागात गेलो होतो. टेबलावर एका एकट्या माणसाची फाइल उघडी होती. झाकणाच्या आटीत त्यानं काहीतरी खरंच नवं केलं होतं, मलाही ते वरवर दिसलं, आणि दाव्यात ते नव्हतं. बाईंनी चार आक्षेप क्रमवार लिहिले, खाली सही केली.

"बाई, सहाव्या पानावर..." मी म्हणालो.

"पाहिलंय मी," त्या म्हणाल्या, आणि फाइल बंद करून जाणाऱ्या ढिगात ठेवली.