डोमाजीभाऊंची केसवाली बाई

डोमाजीभाऊ बाजारात गेले की मालाकडे पाहत नसत. गिऱ्हाइकाच्या हाताकडे पाहत. बालाघाटच्या ज्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायची, तिथं ते लेबलांची चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरायचे. ठेंगणा माणूस, सदऱ्यावर कायम शाईचे डाग. कटंगीच्या बाजाराच्या दिवशी ते किराणा दुकानाच्या कोपऱ्यात तासभर उभे राहत. "सुमनबाई, माल कोन पाह्यते? हात थांबला पाह्यजे. थांबला का झालं."

गावच्या बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं. त्या "मोरवालं मंजन द्या" असंच मागत. छापखाना शेठचा आणि केसांचं तेलही शेठचंच. त्या तेलासाठी भाऊंनी गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई कोरली. तेल साधंच होतं, पण बायका 'केसवाली' मागू लागल्या.

मी एकदा विचारलं, "या तेलानं एवढे केस येतात का हो, भाऊ?"

"मी कुठं लिवलं येतेत म्हनून? मी बाई काढली. समजाचं ते समजून घेतेत," म्हणाले आणि हसले.

पुढे शेठनं धानाच्या कोठीतले किडे मारायची पावडर काढली. भाऊंनी लेबलावर कवटी काढली. शेठनं कागद परत फेकला. "डोमाजी, मुर्दा बेचना है क्या? वही बालवाली बाई रख दो. पहचान की है."

भाऊंनी कागद उचलला. "हौ, शेठ." जुनाच ठोकळा वापरला, शेजारी धानाची लोंबी जोडली. 'जहर' हा शब्द बारीक हवा, असंही शेठनं सांगितलं. मी सगळ्यांत लहान खिळे घेतले. मला खटकलं होतं, तरी जुळवले.

पावडर खपली. मग एक दिवस बातमी आली. कटंगीकडच्या एका बाईनं ती पुडी आणून मुलीच्या डोक्यात चोळली होती, वर फडकं बांधून ठेवलं होतं. डोक्यात उवा झाल्या होत्या. मुलीला झटके येऊ लागले तेव्हा तिला बालाघाटच्या दवाखान्यात आणलं.

भाऊ गेले, मीही गेले. मुलगी शुद्धीवर नव्हती. आईच्या मुठीत रिकामी पुडी होती. ती तिनं आमच्यापुढे धरली. "पाहा ना भाऊ, हे केसवालीच आहे ना? तिचं तेल आमी नेहमी लावतो. म्हटलं, आता तिची पावडर बी निघाली असंन."

भाऊ म्हणाले, "माय, हे बाई मीच काढली."

तिला त्यातलं काही कळलं नाही. तिनं पुडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "चांगली काढली, भाऊ."

मुलगी वाचली. झटके मात्र पुढेही येत राहिले.

भाऊंनी तो ठोकळा पटाशीनं तासून सपाट केला. शेठनं त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं, दुसऱ्याकडून त्याच बाईचा नवा ठोकळा करून घेतला. मी कामावर राहिले. मला पगार हवा होता.

त्यानंतर मरेपर्यंत तीन वर्षं, भाऊ बाजाराच्या दिवशी त्याच कोपऱ्यात उभे राहत. घरी कोरलेल्या कवटीच्या चिठ्ठ्या खिशात असत. एखादीचा हात पुडीवर थांबला की पुढे होत. "माय, हे जहर आहे. कोठीत टाक, पन केसाले नोको लावू. हे चिठ्ठी चिकटव वरून."

दुकानदार ओरडे, "डोमाजी, धंदा काहून बिघडवून राह्यला बे?"

एकदा मी तिथं होते. एका बाईनं पुडीकडे हात नेला, चिठ्ठीवरची कवटी पाहिली आणि हात आखडून घेतला. भाऊ माझ्याकडे वळले. "पाह्यलं, सुमनबाई? मांगं गेला." पूर्वी 'थांबला' म्हणत, त्याच आनंदानं म्हणाले.

मी चिठ्ठी हातात घेतली. नुसतंच चित्र होतं. म्हटलं, "भाऊ, खाली 'जहर' जुळवून देऊ का? मोठ्या खिळ्यांत?"

त्यांनी चिठ्ठी माझ्याकडून परत घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली.

"आता राहू दे, बाई."