गोठ्यात उघडलेली प्लेट

माझ्या मोठ्या भावाला गावी येऊन राहू दिलं नाही, ते मी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सगळ्यांना वाटतं, त्यानंच मन बदललं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. औषध भरतात त्या खोल्यांची हवा तपासणं हे माझं काम. प्लेटमध्ये जेलीसारखं खाद्य ओतलेलं असतं. ती काही वेळ उघडी ठेवायची, मग झाकून उबेत ठेवायची. हवेतून पडलेले जिवाणू आणि बुरशी डोळ्यांना दिसतील एवढे वाढतात.

दादा तरुणपणीच मुंबईला गेला. पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं गाव, तिथं आईजवळ मी राहिलो. तिच्या गोळ्या मी आणायच्या, दवाखान्यात मी न्यायचं, कौलं मी परतायची. आणि गणपतीला दादा बॅग घेऊन आला की आई शेजारणीला ओरडून सांगायची, “आला गो माझा पोरगा!” जसा काही मी घराचा खांब. फणसपोळीचा डबा त्याच्यासाठीच फळीवरून खाली यायचा. पन्नाशीतल्या माणसानं फणसपोळीवरून जळावं, हे लिहितानाही लाज वाटते. पण जळत होतो.

मग दादाचा खोकला सुरू झाला. त्याच्या खोलीची खिडकी रस्त्यावर, खाली उघडं गटार, समोर सतत कुठली तरी इमारत पाडायचं काम. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, जमत असेल तर गावाकडं राहा. त्यानं फोन केला, “नोकरी सोडतो. आईपाशी येऊन राहतो.” आईनं त्याच दिवशी कोपऱ्यातली खोली रिकामी करायला घेतली. तिथं माझं सामान होतं, ते पडवीत आलं. मला विचारलंसुद्धा नाही.

दादा म्हणाला, “तू हवा तपासणारा माणूस. माझ्या खोलीत काय हाय नि गावात काय, एकदा बघून सांग ना.”

मुंबईची प्लेट मी इमानानं त्याच्या खिडकीत ठेवली. गावची ओटीवर ठेवायची होती. श्रावणातली दुपार होती. प्लेट घेऊन निघालो तर कोपऱ्यातल्या खोलीत धुतलेली गोधडी अंथरलेली दिसली, उशाला नवा तांब्या. मी वळलो तो थेट गोठ्यात गेलो. माळ्यावर मागच्या सालचा पेंढा ओलीनं कुबट झाला होता. एक पेंढी ओढून झटकली आणि त्या धुरळ्याखाली प्लेट उघडली. त्या धुरळ्यात किती बुरशी असते, हे मला चांगलं माहीत होतं.

गणपतीत दोन्ही प्लेटी दादापुढं ठेवल्या.

“ही तुझी खिडकी.” तिच्यात काळे, हिरवे, पिवळे ठिपके होते.

“आणि ही?”

“ही गावची.” ती बुरशीनं झाकणापर्यंत भरली होती.

दादा हसला. “आयला, यापेक्षा मुंबई बरी की रे!”

“काय तरी बोलू नको,” आई म्हणाली. “इथं म्हातारी झाले, मला कधी खोकला नाय.”

“तुझी छाती जुन्या मालाची गो. हा एवढा शिकलेला, खोटं कशाला दाखवील?”

तेव्हाही बोलता आलं असतं. निदान एवढं तरी, की प्लेटवर वाढतं तेवढंच दिसतं. ज्या काजळीला आणि बारीक धुळीला चिकटून हे जिवाणू छातीत उतरतात, ती जेलीवर उगवत नाही. मी प्लेटी पिशवीत घातल्या.

विसर्जनानंतर गावी राहायचा बेत सोडून दादा परत गेला. आईनं त्याला फणसपोळीचा अख्खा डबा दिला. पश्चात्ताप दूरच, डबा गेला याचंच मला वाईट वाटलं. बाकी सगळं नंतर आलं, फोनवर त्याचं वाक्य धापेनं मध्येच तुटायला लागलं तेव्हा.

यंदा तो गणपतीला आला नाही. एसटी थांबते तिथून घरापर्यंतची चढण त्याला झेपत नाही. आई फोन माझ्या हातात देते, “विचार त्याला, श्वासाचा पंप घेतला का.” मी विचारतो. तो म्हणतो, “घेतला रे. तू आईला बघतोस म्हणून मी निवांत हाय.”

ती प्लेट गोठ्यातली होती, एवढं दादाला सांगणं मी देणं लागतो. आणि घरातली त्याची जागा. दोन्ही अजून दिलेली नाहीत.