अंगठ्याजवळचे बोट

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. पोलिसात असताना आजी कधी चुकली का, असे तुम्ही दोघांनी मागच्या महिन्यात फोनवर विचारलेत आणि मी विषय बदलला. आता क्रमाने लिहिते. नावे मात्र लिहीत नाही, कारण ती माणसे अजून त्याच गावात राहतात.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपत असताना मेंढ्या पाळणाऱ्या घरातली एक म्हातारी थोरल्या मुलाला घेऊन आली. तिचा धाकटा मुलगा, वय अठ्ठावीस, चार दिवसांपासून बेपत्ता होता. भावाभावांत भांडण झाले होते. थोरल्याने धाकट्याचा लाडका मेंढा त्याला न विचारता वडवणीच्या बाजारात विकला, एवढेच कारण.

ठाणे अंमलदाराने माझ्या टेबलाशीच मिसिंग, म्हणजे बेपत्ता माणसाची नोंद, दाखल केली. अंगावरची खूण विचारल्यावर म्हातारीने सांगितले आणि त्याने जसेच्या तसे लिहिले: ‘उजव्या अंगठ्याजवळचे बोट नाही. लहानपणी कुऱ्हाडीने तुटले.’

शोधसंदेश शेजारच्या राज्यांतही जायचा होता, म्हणून तो इंग्रजीत हवा होता. असे मसुदे मीच लिहीत असे. ‘थेफ्ट’ आणि ‘रॉबरी’ एकच समजणाऱ्या हवालदाराचा कागद मी परत पाठवायची, ‘इंज्युरी’ आणि ‘वूंड’ यांतला फरक शिपायांना समजावायची. अंगठ्याजवळचे बोट म्हणजे ‘इंडेक्स फिंगर’. मी लिहिले, ‘राइट इंडेक्स फिंगर मिसिंग’. वाक्य आटोपशीर झाले म्हणून समाधानही वाटले.

दोन दिवसांनी तेलंगणातल्या एका ठाण्याचे उत्तर आले. रस्त्याच्या कडेला जखमी सापडलेला एक अनोळखी माणूस तिथल्या सरकारी दवाखान्यात बेशुद्ध होता. वय जुळत होते, चेहरा पट्ट्यांखाली होता. पण हाताची दहाही बोटे शाबूत होती, सबब वर्णन जुळत नाही, असे त्यांनी कळवले होते. मी तो कागद फाइलला लावला.

त्याच आठवड्यात ठाण्यात एक निनावी फोन आला. थोरल्याने धाकट्याला मारून वाड्यामागे पुरले, एवढे सांगून माणसाने फोन ठेवला. मेंढ्यांच्या वाड्यामागे खरोखरच ताजी उकरलेली माती होती. पंचांसमक्ष खणले, तर एक मेलेली मेंढी निघाली. गावातले बघे हिरमुसून परतले. पण घरझडतीत थोरल्याच्या ट्रंकेत धाकट्याचा मोबाइल सापडला आणि संशय घट्ट झाला.

चौकशीला मी स्वतः बसले. मोबाइल धाकट्यानेच रागाने अंगावर फेकून मारला आणि तो तसाच निघून गेला, हे थोरला तीन दिवस सांगत होता. माझा अनुभव असा की खोटे बोलणारा तयार उत्तर घेऊन येतो. हा प्रत्येक प्रश्नाला थांबत होता, आठवत होता, चुकले तर दुरुस्त करत होता. पण अनुभव कागदावर चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अटक दाखवा, असे वरून सांगण्यात आले. म्हातारी रोज येऊन ठाण्याच्या ओट्यावर बसायची. एक मुलगा सापडत नव्हता आणि दुसरा आम्ही नेणार होतो.

शेवटचे म्हणून हवालदाराने थोरल्याला पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतले. धाकटा घरातून निघाला तेव्हा पायात काय होते?

“बूट व्हते. काहून रोज रोज तेच इचारता?”

हवालदार हसला. “मेंढरामागं हिंडणारा त्यो, अन् बूट घालून? चप्पल तोडली व्हती का त्याची?”

“त्याला चप्पल टिकतीया का, साहेब? अंगठ्याजवळचं बोटच न्हाई. अंगठा पट्टा धरंल कसा? धा पावलं गेला की चप्पल मागं ऱ्हाती.”

माझ्या हातातले पेन थांबले. मी मिसिंगची नोंद मागवली आणि वाचली. अंमलदाराचे अक्षर न् अक्षर बरोबर होते.

“आणि हाताची बोटं?” मी विचारले.

“हाताची धा हायती की.”

मी तेलंगणातल्या त्या दवाखान्याच्या चौकीला फोन लावला. हिंदीत बोलताना ‘पैर की’ हे शब्द मी दोनदा उच्चारले, कारण उंगली म्हटले की तिथेही हाताकडेच बघतील. जमादार वॉर्डात जाऊन आला. उजव्या पायाचे दुसरे बोट नव्हते. जखम जुनी होती. आणि कालपासून रोगी डोळे उघडत होता.

वरिष्ठांना कळवून अटक थांबवली आणि म्हातारीला व थोरल्याला घेऊन आम्ही गाडी काढली. वॉर्डात पोहोचल्यावर म्हातारी पट्ट्या बांधलेल्या चेहऱ्याकडे गेलीच नाही. तिने पायांवरची चादर सारली, तो पाय दोन्ही हातांत धरला आणि तशीच बसून राहिली. थोडा वेळ गेल्यावर खाटेवरून क्षीण आवाज आला, “माय, गुदगुल्या व्हत्यात.” थोरला भिंतीला टेकून खाली बसला. आठ दिवसांत पहिल्यांदाच मी त्याला रडताना पाहिले.

परतताना चहाला थांबलो, तेव्हा मी त्याला सांगून टाकले. तुझा भाऊ सहा दिवसांपूर्वीच सापडला असता. मी इंग्रजीत चुकीचा शब्द लिहिला, हाताच्या बोटाचा. तो चिडेल असे वाटले होते. त्याने बशी खाली ठेवली आणि मनापासून विचारले,

“इंग्रजीत पायाला बोटं न्हाईत का, मॅडम?”

आहेत, मी म्हणाले, पण त्यांचे नाव वेगळे आहे, ‘टो’. तो मान डोलावत म्हणाला, “मंग त्यांचं बी बरोबर हाय. आमचं आपलं एकच.”

दोन्ही शब्द मला शाळेपासून येत होते. शब्दांमधला फरक ठाऊक असणे वेगळे आणि समोरच्या माणसाला त्यातले नेमके काय म्हणायचे आहे हे विचारणे वेगळे. मी विचारले नव्हते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एक नियम पाळला. अंगावरची कोणतीही खूण लिहून घेण्याआधी, ती सांगणाऱ्याला स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायला लावायची. नवे शिपाई याला हसत. मी हसू देई.

त्या म्हातारीने तर पहिल्याच दिवशी दाखवले असते. ती माझ्या टेबलासमोर अनवाणीच उभी होती.